भिंतीवरची नावे

इजिप्तचे नाव काढताच नाईल नदी, तिच्या दोन्ही काठांपलीकडे पसरलेले वाळवंट आणि त्या वाळवंटाच्या कडेला उभे असलेले पिरॅमिड डोळ्यांसमोर येतात. खुफू राजाचा गीझा येथील महापिरॅमिड सुमारे ४५०० वर्षांपूर्वी बांधला गेला. त्यास अदमासे तेवीस लक्ष चिरे लागले असावेत, असे जाणकार सांगतात. देशोदेशींचे प्रवासी दहा-बारा जणांची लहानशी तुकडी करून, माहीतगार वाटाड्या बरोबर घेऊन, ही प्राचीन वास्तू पाहावयास जातात. लहान तुकडीचा लाभ असा, की वाटाड्याचे बोलणे सर्वांना ऐकू येते आणि ज्याला जी शंका येईल ती त्याला तेथल्या तेथे विचारता येते.

अशीच एक लहान तुकडी माघ महिन्यातील एका रविवारी सकाळी नाशिक शहरातून निघाली. तीत सातव्या इयत्तेतील बारा मुले-मुली होती आणि वाटाड्याच्या जागी त्यांचे गुरुजी होते. या तुकडीला समुद्र ओलांडावयाचा नव्हता. शहराच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, एक डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे आणि वर कातळात चोवीस लेणी कोरलेली आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. ज्यांनी ती कोरविली त्यांनी मात्र या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे दगडावर लिहून ठेवले आहे.

“म्हणजे ही लेणी पांडवांनी खोदलेली नाहीत?” पायऱ्या चढता चढता एका मुलीने विचारले.

“नाहीत,” गुरुजी म्हणाले. “पुढे काही शतके लोटली. लेण्यांतील जुनी लिपी कोणास वाचता येईना. तेव्हा आतील भव्य मूर्ती पाहून लोकांना वाटले, हे पांडवांचेच काम असले पाहिजे. खरे पाहता ही बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली निवासस्थाने आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे शंभर-दीडशे वर्षे हे काम सुरू झाले आणि पुढे कित्येक शतके चालले.”

दोनशेच्या आसपास पायऱ्या चढून तुकडी वर आली. खाली शेते, घरे आणि रस्त्यावरून धावणारी वाहने दिसत होती. मागे मात्र डोंगराच्या काळ्या कातळात ओळीने दालने उघडली होती. हा कातळ साधा नव्हे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून वाहत आलेला तप्त रस थिजून तो झाला आहे. अशा कठीण पाषाणात केवळ छिन्नी आणि हातोडा यांच्या साहाय्याने माणसांनी घरे केली.

गुरुजी म्हणाले, “पिरॅमिड बांधताना दगडावर दगड रचावा लागला. येथे नको असलेला दगड तेवढा काढून टाकावयाचा होता. कारागीर आधी छत कोरीत आणि मग खाली खाली उतरत. बांधणाऱ्याचा एखादा चिरा बिघडला, तर तो दुसरा बसवू शकतो. कोरणाऱ्याला ती सोय नाही. जो खांब ठेवावयाचा, त्याचा एक टवका अधिक उडाला, तर तो पुन्हा लावता येत नाही. आणखी एक भेद लक्षात घ्या. इजिप्तमध्येही डोंगर कोरून दालने केलेली आहेत. तेथील राजांच्या दरीत कोरलेली दालने मृत राजांच्या विश्रांतीसाठी होती. येथील दालने जिवंत माणसांसाठी होती. भिक्षू एरवी गावोगाव हिंडत आणि पावसाळ्याचे दिवस एका जागी राहत. त्यालाच वर्षावास म्हणतात.”

तुकडी प्रथम तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गेली. ओसरीच्या खाली सहा धिप्पाड यक्ष खांद्यावर तुळया घेऊन उभे आहेत. सारे लेणे त्यांनीच उचलून धरले आहे, असा भास होतो. आत मोठे दालन आहे आणि त्याभोवती अठरा खोल्या आहेत. ओसरीच्या भिंतीवर उभ्या-आडव्या रेघांच्या अक्षरांच्या ओळीच ओळी दिसल्या. मुले जवळ गेली, पण एकासही एक शब्द वाचता आला नाही.

“ही ब्राह्मी लिपी,” गुरुजी म्हणाले. “आपल्या देवनागरीची ही पूर्वज. हा लेख गौतमी बलश्री नावाच्या एका आईचा आहे. तिचा मुलगा म्हणजे सातवाहन कुळातील पराक्रमी राजा गौतमीपुत्र सातकर्णी. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. लेखात तिने मुलाचे गुण सांगितले आहेत. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले होते, असे ती अभिमानाने सांगते. पण तेवढ्यावर ती थांबत नाही. तो न्यायानेच कर घेत असे, अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला रुचत नसे आणि तो आईची सेवा करीत असे, हेही ती नमूद करते.”

सारी मुले लेखाकडे पाहत होती. त्यांत एका मुलाची नजर मात्र शेजारच्या कोपऱ्याकडे होती. तेथे अलीकडच्या कोणी तरी दगडावर अणकुचीदार वस्तूने आपले नाव ओरखडले होते. त्या मुलाच्या खिशातही कंपासपेटीतील कर्कटक होते. तो धीटपणे म्हणाला, “गुरुजी, बलश्रीने आपले नाव भिंतीवर कोरविले, तर आपण त्याला इतिहास म्हणतो. मग या माणसाने नाव कोरले, तर ते चूक का? दोन हजार वर्षांनी तोही इतिहास होईल की!”

काही मुले हसली. गुरुजी हसले नाहीत. “शंका योग्य आहे,” ते म्हणाले. “तिचे उत्तर मी आताच देत नाही. आज आपण भिंतीवरची बरीच नावे वाचणार आहोत. प्रत्येक नावापुढे काय लिहिले आहे, ते तू वहीत टिपून ठेव. शेवटी उत्तर तूच दे.”

मुलाने वही काढली आणि पहिली ओळ लिहिली : गौतमी बलश्री. लेणे दिले.

दहाव्या क्रमांकाचे लेणेही असेच मोठे आहे. त्यात सोळा खोल्या आहेत. ते ऋषभदत्ताने कोरविले. लेखांत त्याचे नाव उषवदात असे येते. क्षहरात कुळातील नहपान नावाच्या क्षत्रप राजाचा तो जावई. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेही येथे खोली दान दिल्याचा लेख आहे. ऋषभदत्ताने नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली होती. त्या नद्यांत तापी आणि दमणगंगा यांची नावे आपल्याला ओळखता येतात. भडोच, सोपारे आणि गोवर्धन अशा ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या होत्या. यांतील गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचेच गाव.

“आता एक हिशेब आहे,” गुरुजी म्हणाले. “ऋषभदत्ताने भिक्षूंसाठी ३००० कार्षापण दिले. कार्षापण म्हणजे त्या वेळचे नाणे. हे पैसे त्याने भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. त्याने ते गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ. त्यांपैकी २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ या व्याजाने. मुद्दलाला कोणी हात लावावयाचा नाही, फक्त व्याज वापरावयाचे. त्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे, असे भिंतीवर लिहिले आहे. हिशेब बरोबर आहे का, ते पाहा.”

मुले ओसरीत बसून आकडेमोड करू लागली. सर्वांत आधी एका मुलीने हात वर केला. “शेकडा एक म्हणजे २००० चे महिन्याला २०. बारा महिन्यांचे २४०. आणि वीस भिक्षूंना बारा-बारा दिले, तर तेही २४०! गुरुजी, एक कार्षापणसुद्धा उरत नाही की कमी पडत नाही!”

“हिशेब चोख आहे,” गुरुजी म्हणाले. “हा व्यवहार नगराच्या सभेत सर्वांना ऐकविला गेला आणि रीतीप्रमाणे फलकांवर नोंदविला गेला, असेही लेखात म्हटले आहे. म्हणजे नाशिकच्या परिसरात इतक्या पूर्वी विणकरांचे विश्वासू संघ होते, व्याजाचा दर ठरलेला होता आणि दिलेल्या शब्दाची जाहीर नोंद होत होती. हे सारे कोणत्या पोथीतून कळले? या भिंतीवरून. याच लेण्यापाशी पुढच्या काळातील आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव ठेवली होती. ती ठेव ज्यांच्याकडे होती, त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेल गाळणारेही होते.”

मुलाने लिहिले : ऋषभदत्त. लेणे, होड्या, वस्त्रांचे पैसे. दक्षमित्रा. खोली. विष्णुदत्ता. औषधे.

“पण नहपान राजाचे पुढे काय झाले?” दुसऱ्या एका मुलाने विचारले.

“बलश्रीच्या लेखात त्याचे उत्तर आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचे कुळ उखडून टाकले, असे ती सांगते. आता कोणी म्हणेल, आई मुलाची स्तुतीच करणार. तिच्यावर विश्वास कसा ठेवावा? तर ऐका. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळील जोगलटेंभी या गावी, चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि ती सारी नहपानाची होती. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. खाली नहपानाचा मुखवटा आणि वर सातकर्णीचे चिन्ह! भिंत जे सांगत होती, तेच जमिनीतून निघालेल्या नाण्यांनीही सांगितले.”

गुरुजींनी गौतमीपुत्राच्या आणखी एका लेखाची हकीकत सांगितली. त्याने या डोंगरावरील भिक्षूंना एका गावचे शेत दिले होते. काही वर्षांनी असे आढळून आले, की ते गाव उजाड झाले आहे आणि ते शेत कोणी कसत नाही. तेव्हा कारकिर्दीच्या चोविसाव्या वर्षी राजाने व राजमातेने गोवर्धनच्या अमात्याला नवी आज्ञा पाठविली आणि नगराच्या सीमेजवळील आपल्या जमिनीतून शंभर निवर्तने शेत भिक्षूंना देवविले. निवर्तन हे त्या वेळचे जमिनीचे माप होय. आपले दान निष्फळ ठरले, ही गोष्ट राजाने लपविली नाही. ती दगडावर कोरवून घेतली आणि उणीव भरून काढली.

उन्हे चढू लागली होती. तुकडी पुढे निघाली. वाटेत आठव्या लेण्यात मुगूदास नावाच्या कोळ्याचा लहानसा लेख होता. त्याने आपल्या कुटुंबासह ते लेणे दान दिले होते. सतराव्या लेण्यापाशी गुरुजी पुन्हा थांबले.

“हे लेणे कोणाचे असेल? हे इंद्राग्निदत्ताचे. हा धर्मदेवाचा मुलगा. उत्तरेकडील दत्तामित्री नगरीतून आलेला हा यवन होता. यवन म्हणजे ग्रीक वंशाचा. त्याने आपल्या आईवडिलांच्या प्रीत्यर्थ हे लेणे खोदविले. शिवाय पाण्यासाठी पोढ्या केल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके.”

“इतक्या दूरचे लोक नाशिकला कशासाठी येत?” एका मुलीने विचारले.

“व्यापारासाठी. पैठणहून निघालेला माल नाशिकवरून थळघाटाने उतरून सोपारे आणि कल्याण या बंदरांकडे जात असे. तेथून जहाजे तांबड्या समुद्रात शिरत आणि इजिप्तच्या किनाऱ्याला लागत. इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात या समुद्रमार्गाची माहिती देणारी पुस्तिका लिहिली. तीत पैठण, सोपारे आणि कल्याण यांची नावे आलेली आहेत. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या प्राचीन बंदरात उत्खनन चालू असताना २०२२ साली संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. त्याच ठिकाणी सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. सातवाहनांची नाणी इजिप्तच्या वाळूत आणि यवनाचे नाव नाशिकच्या कातळात! जग त्या काळीही एकमेकांपासून फार दूर नव्हते.”

अठराव्या लेण्याचे रूप निराळे होते. दारावर लाकडी कमानीसारखी दगडी कमान होती. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि शेवटी गोलाकार स्तूप होता. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे स्थान. येथील सर्व लेण्यांत चैत्यगृह एवढे एकच आहे. गुरुजींनी दाराकडे बोट दाखविले. तेथील लेखात राजाचे नाव नाही, सेनापतीचेही नाही. तेथे नाशिककरांच्या धंभिक नावाच्या गावाचे दान नोंदलेले आहे. एका माणसाला जे झेपले नाही, ते गावाने मिळून केले. आतील एका लेखात भटपालिका नावाच्या स्त्रीने हे चैत्यगृह पूर्ण केले, असा उल्लेख आहे.

गुरुजी म्हणाले, “भटपालिकेच्या लेखात दोन शब्द जोडून आले आहेत : ‘चेतियघर’. दुसरा शब्द ओळखता का?”

“घर!” सर्व मुले एकदम ओरडली आणि त्यांचा आवाज चैत्यगृहात घुमला.

“होय, घर. दोन हजार वर्षांपूर्वीची ही भाषा प्राकृत होती. आपली मराठी तिच्यातूनच घडत आली. आज तुम्ही शाळा सुटल्यावर जेथे जाता त्या जागेला जो शब्द वापरता, तोच शब्द त्या लोकांनी येथे कोरला आहे. अशा भाषेला परकी कसे म्हणावे?”

शेवटी तुकडी एकोणिसाव्या लेण्यात आली. ते लहान आहे आणि साधेही आहे. त्यात मोजून सहा खोल्या आहेत. दर्शनी भागाच्या खिडक्यांना दगडी जाळी आहे. येथे कोरीव काम जवळजवळ नाही. तरीही गुरुजी इतका वेळ कोठेच थांबले नव्हते.

“येथील लेण्यांपैकी हे सर्वांत जुने. खिडकीच्या वरच्या बाजूस असलेला तो लहानसा लेख पाहा. आधी ही लिपी पुन्हा कशी वाचता आली ते सांगतो. इजिप्तची चित्रलिपीही लोक विसरून गेले होते. १७९९ साली तेथे रोझेटा गावाजवळ एक शिळा सापडली. तिच्यावर एकच मजकूर निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेला होता आणि त्यांतील ग्रीक मजकूर विद्वानांना वाचता येत होता. त्या आधारे १८२२ साली शाम्पोलियाँ या फ्रेंच विद्वानाने ती चित्रलिपी उलगडली. आपल्याकडे जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली ब्राह्मी लिपीचे कोडे सोडविले. मग डॉ. भाऊ दाजी लाड आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या संशोधकांनी लेण्यांतील लेखांचा अभ्यास केला. भिंती तोवर मुक्या होत्या. त्या बोलू लागल्या.”

गुरुजींनी वहीत अधिकाच्या चिन्हासारखी एक खूण काढली. “हा ब्राह्मीतला ‘क’. उलटा टांगलेला इंग्रजी ‘टी’ म्हणजे ‘न’. नुसते वर्तुळ म्हणजे ‘ठ’. या लेखात ‘कण्ह’ हे राजाचे नाव आहे. हा सातवाहन कुळातील कृष्ण राजा. कृष्णाला आपण आजही कान्हा म्हणतो. पुढे ‘लेण’ हा शब्द आहे. आपण ‘लेणे’ म्हणतो. आणि हा शब्द? ‘नासिक’. तुमच्या गावाचे नाव येथे दोन हजार वर्षांपासून कोरलेले आहे.”

मुले गप्प झाली. काही वेळाने तोच मुलगा वही पुढे करून म्हणाला, “गुरुजी, हे लेणे कोणी दिले? माझी यादी अपुरी राहील.”

“कृष्ण राजाच्या कारकिर्दीत नाशिक येथील श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने हे करविले. महामात्र म्हणजे वरिष्ठ अधिकारी.”

“पण त्याचे नाव?”

“बहुतेक अभ्यासकांच्या मते ते लेखात नाही. राजाचे नाव आहे, गावाचे नाव आहे, त्याचा हुद्दाही आहे. स्वतःचे नाव त्याने लिहिले नाही.”

मुलाने आपली यादी पुन्हा वाचली. राणी, जावई, स्त्रिया, कोळी, यवन, एक सबंध गाव आणि ज्याचे नावच ठाऊक नाही असा एक अधिकारी. प्रत्येकापुढे त्याने काही तरी दिल्याची नोंद होती. कोणी खोली दिली होती, कोणी पाणी, कोणी औषध. नुसते नाव कोणाचेच नव्हते.

तो हळूहळू म्हणाला, “यांनी आधी दिले आणि मग लिहिले. त्या कोपऱ्यातील माणसाने काहीच दिले नाही. त्याने भिंतीचा तुकडा मात्र घेतला.”

“आणि तो ओरखडा दोन बोटे पलीकडे गेला असता तर?” गुरुजींनी विचारले.

“तर अक्षर फुटले असते,” हिशेब करणारी मुलगी म्हणाली. “बाराच्या जागी दोन वाचले गेले असते. मग आमचा हिशेब कधीच जुळला नसता.”

“बरोबर बोललीस. ऊन, पाऊस आणि वारा यांनी ही अक्षरे आधीच झिजविली आहेत. पिरॅमिडचा एक चिरा पडला, तरी पिरॅमिड उभा राहील. येथे एक अक्षर गेले, तर एक माणूस पुसला जाईल. आस्वानच्या धरणात बुडू पाहणारी अबू सिंबेलची मंदिरे १९६४ ते १९६८ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून कापून उंच जागी नेली. एवढा खटाटोप आपल्याला करावयाचा नाही. आपण फक्त हात आवरावयाचा आहे. प्राचीन स्मारकांची नासधूस करणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु ज्याला ही नावे वाचता येऊ लागली, त्याला कायद्याची भीती घालावी लागत नाही.”

परत फिरताना गुरुजींनी सांगितले, की या डोंगराने आपले सारे मनोगत अजून उघड केलेले नाही. २०२१ साली येथे पुरातत्त्व खात्याची साफसफाई चालू असताना, माती आणि झुडपे यांखाली दडलेली आणखी काही लहान लेणी उजेडात आली. वाचावयाचे अजून शिल्लक आहे आणि त्यासाठी वाचणारे हवे आहेत.

मुले पायऱ्या उतरू लागली. यादी करणारा मुलगा मध्येच थबकला. “गुरुजी, ऋषभदत्ताच्या ३००० कार्षापणांपैकी २००० चा हिशेब झाला. उरलेल्या १००० चे काय?”

“ते दुसऱ्या विणकर श्रेणीकडे ठेवले होते. त्यांचा दर दरमहा शेकडा पाऊण होता.”

“शेकडा पाऊण,” असे पुटपुटत तो मुलगा बोटे मोजू लागला आणि उरलेली अकरा मुलेही आपापला हिशेब करीत त्याच्यामागून उतरू लागली.

स्वाध्याय

१. त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना ‘पांडवलेणी’ हे नाव का पडले असावे?

२. पिरॅमिड बांधणे आणि लेणे कोरणे यांतील दोन भेद सांगा.

३. ऋषभदत्ताने दुसऱ्या श्रेणीकडे ठेवलेल्या १००० कार्षापणांचे वर्षाचे व्याज काढा.

४. जोगलटेंभी येथील नाण्यांमुळे बलश्रीच्या लेखातील कोणती गोष्ट खरी ठरली?

५. ‘लेण’, ‘घर’, ‘पोढी’ हे शब्द लेखांत सापडले, यावरून मराठी भाषेविषयी काय समजते?

६. “यांनी आधी दिले आणि मग लिहिले.” या वाक्याचा अर्थ पाच-सहा ओळींत लिहा.

७. तुमच्या गावातील किंवा जवळपासच्या एखाद्या जुन्या वास्तूवरील शिलालेख पाहा. त्यात कोणाचे नाव आहे व त्याने काय केले, याची माहिती मिळवा.